कचऱ्याचा डोंगर हटेल, मातीचे काय? दूषित जमिनीच्या सफाईचा सरकारी पैसा आणि आपल्या वस्त्या

देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर साचलेला सुमारे १ कोटी ८५ लाख टन कचरा हटवण्यासाठी मुंबई महापालिकेने मे २०२५ मध्ये निविदा काढली. अंदाजित खर्च २,३६८ कोटी रुपये, मुदत तीन वर्षे. हा पैसा जनतेचा आहे. पण तो कशाच्या मापाने खर्च होणार आणि काम संपल्यावर ती जमीन कोणाच्या हाती जाणार, याची चर्चा गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या गल्ल्यांत जितकी व्हायला हवी तितकी होताना दिसत नाही. वर्तमानपत्रांत आकडे येतात, दोन दिवसांनी विसरले जातात.

राज्यातल्या बहुतेक शहरांत हीच गोष्ट वेगवेगळ्या नावाने सुरू आहे. पुण्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगी, नागपुरात भांडेवाडी, छत्रपती संभाजीनगरात नारेगाव. नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा अख्ख्या शहराचा कचरा रस्त्यावर आला आणि मगच प्रशासनाला जाग आली. त्याआधीची तीसेक वर्षे त्या गावांनी धूर, माश्या आणि खराब झालेल्या विहिरी सोसल्या होत्या.

म्हणून या लेखात दूषित जमिनीच्या सफाईसाठी सरकारी पैसा कुठून येतो, कोणत्या नियमांनी येतो, त्यात कोणती फट आहे आणि वस्तीतल्या लोकांनी नेमके काय मागावे, याची माहिती एकत्र दिली आहे.

कचरा आणि वस्ती शेजारी कशी आली

मुंबईने देवनारच्या खाडीकाठी कचरा टाकायला सुरुवात केली ती १९२७ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण शेजारी ठेवून पाहिल्या तर काही कळते. एकीकडे माणसे सार्वजनिक पाण्यावरचा हक्क मागत होती, दुसरीकडे एक शहर आपली घाण कुठे ठेवायची याची जागा ठरवत होते.

पुढे सत्तरच्या दशकात शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या झोपडीवासीयांना याच बाजूला आणून बसवले गेले. आज या पट्ट्यात प्रामुख्याने मुस्लिम, दलित आणि कामासाठी आलेली परप्रांतीय कुटुंबे राहतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व प्रभागाचा निर्देशांक संपूर्ण शहरात सर्वांत खाली होता. कचऱ्याजवळ गरीब लोक आपणहून राहायला गेले असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. जमीन कोणाला कुठे मिळते, हे जात, धर्म आणि पैसा यांनी ठरलेले असते. गावात महारवाडा आणि मांगवाडा कुठे असायचा, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

जमीन दूषित होते म्हणजे काय होते

कचऱ्याचा डोंगर डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो. खरा त्रास त्याच्या खाली असतो. ओला कचरा, प्लॅस्टिक, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, औषधे, रंगाचे डबे सगळे एकत्र सडते. त्यावर पावसाचे पाणी पडते आणि झिरपत खाली जाते. तेच ते काळे, उग्र वासाचे पाणी, ज्याला अभियंते लीचेट म्हणतात. त्यात शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू विरघळून जमिनीत उतरू शकतात. खाली अस्तर घातलेले नसेल तर हे पाणी भूजलाला मिळते, आणि आपल्याकडच्या जुन्या डम्पिंग ग्राउंडना अस्तर नसतेच. देवनारच्या बाबतीत शेजारी ठाणे खाडी आहे, जिच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केले आणि २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. पक्ष्यांसाठी दर्जा मिळाला याचा आनंदच आहे. काठावरच्या माणसांना अजून कुठलाच दर्जा नाही.

कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो. तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली, ती २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून शिथिल केली. धूर अनेक वर्षे होता. पण शहराच्या इमारती थांबल्या तेव्हा कुठे तो शहराचा प्रश्न झाला.

पैसा कुठून येतो

जुन्या कचऱ्याची विल्हेवाट लावणे ही कायद्याने महापालिकेची किंवा नगरपालिकेची जबाबदारी आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी डम्पिंग ग्राउंड साफ करायला किंवा शास्त्रीय पद्धतीने बंद करायला पाच वर्षांची मुदत दिली होती. म्हणजे २०२१ मध्ये हे काम संपायला हवे होते. संपले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सांडपाणी आणि घनकचऱ्याच्या बाबतीतल्या अपयशासाठी महाराष्ट्राला १२,००० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई लावली. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

केंद्राचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेले स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.०. एकूण आराखडा १,४१,६०० कोटींचा, त्यात केंद्राचा वाटा ३६,४६५ कोटींचा. जुन्या कचऱ्यासाठी केंद्राने दर टनाला ५५० रुपये असा खर्चाचा निकष धरला आहे आणि त्यातला ठरावीक हिस्सा केंद्र देते. लोकसंख्या १० लाखांहून जास्त असेल तर २५ टक्के, १ ते १० लाख असेल तर ३३ टक्के, १ लाखाहून कमी असेल तर ५० टक्के. बाकीचा भार राज्य आणि स्थानिक संस्थेवर. पैसे हप्त्यांनी येतात आणि पुढचा हप्ता कामाच्या प्रगतीवर अवलंबून असतो.

आता देवनारचा हिशेब करून पाहू. २,३६८ कोटींना १ कोटी ८५ लाख टनांनी भागले तर टनामागे १,२८० रुपये येतात. केंद्राचा निकष ५५० चा. निकषाने मोजले तर पूर्ण कामाची किंमत १,०१७ कोटी ५० लाख रुपये होते आणि त्याचा २५ टक्के हिस्सा २५४ कोटींच्या आसपास. म्हणजे निकषाप्रमाणे पूर्ण मदत मिळाली तरी निविदेच्या रकमेत केंद्राचा वाटा दहा रुपयांत एक रुपयाच्या जवळपास. उरलेला पैसा प्रामुख्याने मुंबईकरांच्या करातून जाणार. तेव्हा 'केंद्राच्या योजनेतून सफाई' असा फलक कुठे दिसला तर आकडा विचारायला हरकत नाही.

मुंबईसारख्या श्रीमंत पालिकेला हे झेपते. छोट्या नगरपालिकेला झेपत नाही. तिथे ५० टक्के केंद्राने दिले तरी दर टनाचा खरा खर्च निकषाहून जास्त असला की फरक कोणी भरायचा, यावर काम अडते. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानाचा एक भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला होता. काही ठिकाणी तो या कामाला लावला गेला. पण त्याच पैशातून नळयोजनाही करायची असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अनुसूचित जातींसाठीचा घटक योजनेचा किंवा दलित वस्ती सुधारणेचा निधी या कामासाठी नाही. तो आपल्या माणसांच्या विकासासाठी आहे, शहराने केलेली घाण उचलण्यासाठी नाही. 'तुमच्याच वस्तीजवळचे काम आहे ना' असे म्हणून कोणी तो वळवू पाहत असेल तर त्याला तिथेच हरकत घ्यावी. कचरा शहराचा आहे, म्हणून सफाईचा खर्चही शहराच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून झाला पाहिजे.

टन मोजले जातात, माती मोजली जात नाही

माझ्या मते सगळ्या योजनेतली मोठी फट इथे आहे. पैसा टनावर मिळतो. ठेकेदाराचे बिल टनावर निघते. पालिकेची प्रगती टनात सांगितली जाते, फार तर मोकळ्या झालेल्या एकरांत. जमिनीत उरलेले शिसे किती, बोअरच्या पाण्यात काय उतरले, हे कुठल्याच हप्त्याची मुख्य अट नाही.

बायोमायनिंग ही पद्धत कशी चालते ते पाहिले म्हणजे हे नीट कळेल. जुना कचरा खणून त्याचे लांबट ढीग लावतात, त्यावर जिवाणूंचे द्रावण फवारतात, ढीग अधूनमधून उलटवतात. ओल आणि वायू कमी झाले की तो फिरत्या चाळणीतून काढतात. प्लॅस्टिक, चिंध्या, लाकूड असा जळणारा माल सिमेंट कारखान्यांना इंधन म्हणून जातो. दगडविटा भरावाला जातात. उरते ती बारीक माती. अशा मातीला ठेकेदार 'बायो अर्थ' किंवा चक्क 'चांगली माती' म्हणतात. कित्येकदा डोंगराचा मोठा भाग हीच माती असते. ती सखल जागांत, रस्त्याच्या भरावात, कधी शेतात जाते. पण वर्षानुवर्षे मिश्र कचऱ्यात कुजलेल्या त्या मातीत जड धातू असू शकतात. प्रत्येक खेप तपासल्याशिवाय ती बाहेर गेली तर आपण एका वस्तीचे विष उचलून दुसऱ्या वस्तीत पसरवतो. ती दुसरी वस्ती कोणाची असेल, हे वेगळे सांगायला नको.

आणि डोंगर उचलल्यावर खाली जी मूळ जमीन उघडी पडते, तिच्यात इतकी वर्षे जिरलेले पाणी तसेच असते. टनांचे लक्ष्य पूर्ण झाले की कागदोपत्री जागा 'मुक्त' होते. जागा रिकामी होणे आणि जागा शुद्ध होणे या दोन गोष्टी आहेत.

कचरा जागेवरच ठेवून, वरून मातीचे व प्लॅस्टिकचे थर घालून, वायूसाठी नळ्या टाकून जागा बंद करण्याचीही एक पद्धत आहे. मुंबईत गोराईला तसे झाले. स्वस्त पडते, पण पुढची कित्येक वर्षे राखण करावी लागते आणि राखणीचा पैसा अंदाजपत्रकात टिकत नाही.

कारखान्याच्या विषाचा कायदा वेगळा

वस्तीशेजारी घरगुती कचरा नसून कारखान्याची राख, गाळ, रसायनांचे पिंप असतील तर रस्ता वेगळा. जुलै २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ च्या अंतर्गत दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. या विषयावर स्वतंत्र नियम देशात पहिल्यांदा आले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. ठरावीक पातळीपेक्षा विष जास्त आढळले तर आणखी तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. मग जागा दूषित म्हणून जाहीर करायची, तिच्या वापरावर बंधने घालायची, जबाबदार कोण ते शोधायचे आणि सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. जबाबदार सापडला नाही किंवा त्याची ऐपतच नसली तर केंद्र आणि राज्य यांनी पैसा उभा करायचा.

वाचायला चांगले आहे. दोन उणिवा मात्र मोठ्या. एक, जागा जाहीर झाल्यावर सफाई कधीपर्यंत पूर्ण करायची याला मुदतच नाही. दुसरी, घनकचऱ्याची डम्पिंग ग्राउंड, खाणी आणि किरणोत्सर्गी कचरा या नियमांतून सर्वसाधारणपणे वगळले आहेत, कारण त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. म्हणजे देवनारसारख्या जागेला मातीच्या तपासणीची ही शिस्त आपोआप लागू होत नाही. नियम आले तेव्हा देशात १०३ जागा दूषित म्हणून निश्चित झालेल्या होत्या आणि त्यांतल्या फक्त सात ठिकाणी सफाई सुरू झाली होती.

प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसायचा, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात रसायन कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी तांबूस-काळे झाले होते. त्या खटल्यात हा निकाल झाला. पण सफाईसाठीचे ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये कंपन्यांनी भरावेत, तेही १२ टक्के चक्रवाढ व्याजाने, हा आदेश पुन्हा द्यायला २०११ उजाडले. पंधरा वर्षे पैसा न भरता निव्वळ अर्जफाटे चालले. तोपर्यंत गावाने काय प्यायचे, हा प्रश्न निकालपत्रात मावत नाही.

भोपाळमध्ये तर खर्चच सरकारवर आला. युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला बारा कंटेनरमधून पीथमपूरला नेला आणि जूनअखेर तिथे जाळून संपवला. त्यासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले. वायुगळती १९८४ ची, म्हणजे चाळीस वर्षांनी. शिवाय हे ३३७ टन म्हणजे गोळा करून गोदामात ठेवलेला माल होता. कारखान्याभोवतीच्या जमिनीत आणि भूजलात जे मुरले आहे ते अजून तिथेच आहे. टनांचा हिशेब पूर्ण झाला, मातीचा राहिला. पीथमपूरच्या लोकांनी आपल्या दारात हा कचरा जाळायला विरोध केला, तोही काही चुकीचा नव्हता.

वॉरन काउंटीने काय मिळवले

अमेरिकेतले एक उदाहरण आपल्या लोकांना माहीत असायला हवे. १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेले तेल काही लोकांनी रात्री टँकरमधून रस्त्यांच्या कडेला सोडले, सुमारे २४० मैलांच्या पट्ट्यात. ती माती खरवडून कुठे पुरायची, असा प्रश्न आला तेव्हा राज्याने वॉरन काउंटी निवडली. बहुसंख्य कृष्णवर्णीय, गरीब, ग्रामीण. १९८२ मध्ये ट्रक येऊ लागले तेव्हा लोक रस्त्यावर आडवे झाले. काही आठवड्यांत ५०० हून जास्त लोकांना अटक झाली. ट्रक थांबले नाहीत, माती तिथेच पुरली गेली.

तरी ती लढाई वाया गेली नाही. १९८३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दक्षिण-पूर्व भागातल्या चार घातक कचऱ्याच्या जागा तपासल्या, त्यांपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्य वस्त्यांत निघाल्या. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने देशभराचा अभ्यास करून दाखवले की घातक कचऱ्याची जागा कुठे असेल हे सांगणारा सर्वांत ठळक घटक वंश आहे, उत्पन्नसुद्धा त्याच्या मागे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांचे ह्यूस्टनमधले काम याच धर्तीचे. आपल्याकडे डम्पिंग ग्राउंड आणि जात यांचा असा देशव्यापी नकाशा कोणत्याही सरकारी खात्याने काढून समोर ठेवलेला नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंधाचा विषय शोधावा लागतो, त्यांनी इकडे बघावे.

पुढे नव्वदच्या दशकात वॉरनच्या खड्ड्यात पाणी साचल्याचे आढळले. लोकांनी राज्याला १९८२ चे आश्वासन आठवून दिले की, तंत्रज्ञान आले की माती विषमुक्त करू. राज्य आणि रहिवासी यांची संयुक्त समिती बसली. रहिवाशांच्या बाजूने पाहणारे तांत्रिक सल्लागार नेमले गेले. २००३ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर सार्वजनिक पैसा खर्चून ती माती उष्णतेने विषमुक्त केली. ट्रक भरून दुसऱ्या गावात पाठवली नाही, तिथेच शुद्ध केली. इथे मोजले गेले ते मातीतले विष.

अमेरिकेत सुपरफंड हा सफाईचा कायदा १९८० मध्ये आला. त्यात रसायन आणि तेल कंपन्यांवर कर बसवून निधी उभा केला होता. १९९५ अखेर त्या करांची मुदत संपली, निधी आटला आणि बोजा सामान्य करदात्यावर आला. २०२१ च्या कायद्याने रसायनांवरचा कर परत आणला. त्या कायद्यातली मला महत्त्वाची वाटणारी तरतूद छोटी आहे. बाधित वस्तीच्या गटाला स्वतःचा तज्ज्ञ नेमण्यासाठी ५०,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळते. सरकारचा तज्ज्ञ सरकारचे अहवाल लिहितो, कंपनीचा कंपनीचे. वस्तीचा तज्ज्ञ असेल तर तो अहवाल वस्तीला समजावून सांगतो. पडीक दूषित जागांसाठीच्या वेगळ्या अनुदानातून स्थानिक बेरोजगारांना सफाईच्या कामाचे प्रशिक्षणही दिले जाते.

साफ झालेली जमीन कोणाची

परत देवनारला येऊ. २०२४ मध्ये राज्य सरकारने देवनार डम्पिंग ग्राउंडची सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पासाठी द्यायचे ठरवले. धारावीतल्या ज्यांना तिथेच घर मिळण्यास अपात्र ठरवले जाईल, त्यांच्या घरांसाठी. त्यानंतर पालिकेची निविदा आली. म्हणजे सफाईचा खर्च पालिका करणार आणि मोकळी जमीन राज्य सरकार व अदानी समूह यांच्या संयुक्त कंपनीच्या प्रकल्पाकडे जाणार. बंद केलेल्या डम्पिंग ग्राउंडच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत घरे, शाळा, रुग्णालये नसावीत असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मग डम्पिंग ग्राउंडवरच घरे कशी, हा प्रश्न विचारला गेला. कचरा पूर्ण काढल्यावर ती जागा डम्पिंग ग्राउंड उरतच नाही, असा युक्तिवाद त्यावर होऊ शकतो. म्हणूनच 'पूर्ण काढला' म्हणजे टन संपले की मातीची चाचणी स्वच्छ आली, हे आधी लिहून घ्यायला हवे.

यात भरडली जातात ती दोन्हीकडची आपलीच माणसे. धारावीच्या चर्मकार, कुंभार, कचरा वर्गीकरण करणाऱ्या कुटुंबांना डम्पिंग ग्राउंडच्या जागी पाठवायचे. आणि जे देवनारच्या कडेला तीन पिढ्या धूर गिळत राहिले त्यांना मोकळ्या झालेल्या जमिनीतून बाग, दवाखाना, कॉलेज काहीच नाही. ही दोन वस्त्यांची आपसातली लढाई होऊ नये, हे दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी आतापासून बघावे.

कचरावेचकांचा प्रश्न याहून अवघड आहे. डोंगर हटला की त्यांची रोजीही हटते. २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले. २०२४ पासून केंद्राच्या नमस्ते योजनेत त्यांची नोंदणी सुरू झाली. पण बायोमायनिंगच्या निविदेत 'इतके स्थानिक कचरावेचक वर्गीकरणाच्या कामावर, किमान वेतन, हातमोजे-बूट-मास्क, आरोग्य तपासणी' अशी अट नसेल तर ठेकेदार यंत्रे आणि बाहेरचे मजूर घेऊन येतो. पिढ्यान्‌पिढ्या जातीने लादलेले काम सुटावे हे तर हवेच. ते पर्यायी रोजगार मिळून सुटले पाहिजे, हकालपट्टी होऊन नव्हे.

वस्तीने काय मागावे

कागद आधी मिळवा. माहितीच्या अधिकारात पालिकेकडे सफाईचा सविस्तर प्रकल्प अहवाल, निविदेच्या अटी, ठेकेदाराशी झालेला करार आणि आतापर्यंत आलेले केंद्र-राज्याचे हप्ते मागता येतात. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात 'माहिती द्या' असे मोघम लिहू नका. 'बाहेर पाठवलेल्या मातीच्या प्रत्येक खेपेचे जड धातूंचे प्रयोगशाळा अहवाल, ती माती कुठे टाकली त्याची नोंद' असे नेमके लिहा. अहवाल नसतील तर 'उपलब्ध नाही' हे उत्तरही उपयोगी पडते. ते जपून ठेवा.

काम सुरू होण्याआधीची माती आणि पाणी यांची तपासणी झाली पाहिजे, हा आग्रह सोडू नका. आधीचा आकडा नसला की नंतर काही सिद्ध करता येत नाही. डम्पिंग ग्राउंडच्या आतली माती पुरेशी नाही. आसपासच्या विहिरी, बोअर, नाले आणि मुले खेळतात ती मैदानेही त्यात हवीत. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. अहवाल मराठीत, हिंदीत, गरज असेल तिथे उर्दूत वस्तीत लावायला सांगा. इंग्रजीतला दोनशे पानांचा अहवाल संकेतस्थळावर टाकणे म्हणजे लोकांना माहिती देणे नव्हे.

शेवटचे बिल मातीच्या चाचणीला बांधून ठेवायला सांगा. पालिकेला करारात ही अट घालता येते. टनांचे पैसे टनावर द्या, पण एक हिस्सा राखून ठेवा आणि खालची जमीन व भूजल ठरलेल्या मर्यादेत आल्याचे स्वतंत्र प्रयोगशाळेने सांगितल्यावरच तो सोडा. नगरसेवक आणि आमदार यांच्याकडे शंभर मागण्या नेण्यापेक्षा ही एक न्यावी. यासोबत वस्तीच्या समितीला तज्ज्ञ नेमण्यासाठी प्रकल्पाच्या खर्चातून छोटी रक्कम मिळावी. २,३६८ कोटींत काही लाख जड नाहीत.

आपल्या वस्तीजवळ कारखान्याचा गाळ किंवा रसायने पुरल्याचा संशय असेल तर २०२५ च्या नियमांचा उल्लेख करून लेखी अर्ज जिल्हाधिकारी आणि नगरपालिका दोघांनाही द्या, प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. पोच घ्या. जागेचा गट नंबर, कोण टाकते, कधीपासून, फोटो, बाधित विहिरी, हे सगळे जोडा.

आणि काहीच हालचाल झाली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. पर्यावरणाचा वाद उपस्थित करायचा असेल तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, आणि नुकसानभरपाई किंवा जमीन पूर्ववत करून मागायची असेल तर पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. ही मुदत अनेक वस्त्यांच्या हातून निसटते, कारण निवेदने देण्यात आणि आश्वासनांवर थांबण्यात वर्षे जातात. पहिले निवेदन देता त्या दिवशीच वहीत तारीख टाकून ठेवा.